अंजायना असताना साताऱ्याच्या चढावर चालणं : माझा अनुभव

मला स्टेबल अंजायना आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात त्यामुळं बसून असलो की काही नाही, पण भरभर चाललो किंवा चढ लागला की छातीच्या मधोमध आवळल्यासारखं होतं आणि कळ डाव्या हातात नाहीतर जबड्यात जाते. निदान झाल्यावर घरच्यांनी चालायला जाणंच बंद करून टाकलेलं, डॉक्टर म्हणाले उलट चालायचंच, फक्त दुखणं जिथं सुरू होतं त्याच्या अलीकडं राहायचं. ते "अलीकडं" कुठंय हे टीएमटीत, म्हणजे पट्ट्यावर चालवत ईसीजी काढतात त्या टेस्टमध्ये, कळलं. माझा त्रास नाडीच्या ज्या आकड्याला सुरू झाला त्याच्या १० ठोके खाली राहायला सांगितलंय, आणि हो, टेस्ट रोजच्या गोळ्या चालू ठेवूनच केली, कारण त्यातल्या बीटा ब्लॉकर गोळीनं नाडी मुळातच कमी पडते, गोळ्यांशिवायचा आकडा माझ्या काय कामाचा?

आता साताऱ्यात घरातून कुठंही निघा, जाताना नाहीतर येताना चढ आहेच. सगळे सकाळी चार भिंतीच्या चढाकडं, यवतेश्वरच्या घाटाला जातात, मी शाहू स्टेडियमला सपाटीवर जातो. पहिली १० मिनिटं अगदी रमतगमत, मग वेग, तोही सोबतच्या माणसाशी सलग बोलता येईल इतकाच, आणि शेवटी परत हळूहळू, एकदम थांबायचं नाही. जेवल्यावर दीड-दोन तास जाऊ देतो. थंडीत मात्र खरंच जपावं लागतं, गार हवेनं रक्तवाहिन्या आकसतात, त्याच वेगाला लवकर दुखतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत ऊन वर आल्यावरच निघतो आणि नाकातोंडावर मफलर.

तरी एखाद्या दिवशी दुखतंच. मग जिथं असेन तिथं थांबायचं, "एवढा राऊंड पुरा करू" नाही. पायरीवर बसतो, शर्टाच्या खिशातली सॉर्बिट्रेट ५ (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवतो, गिळायची नसते. थोड्या वेळात कानशिलं ठणकायला लागतात, चेहरा गरम होतो आणि छाती मोकळी होत जाते. बसूनच घ्यायची कारण बीपी उतरतं, उभ्यानं चक्कर येऊन पडायची भीती. ५ मिनिटांत आराम नाही पडला तर सरळ १०८, स्वतः गाडी चालवत जायचं नाही, हे हिला आणि पोरांनाही सांगून ठेवलंय. अजून एक, लोक लाजून बोलत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितो, सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा वगैरे) गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट चालत नाही, बीपी धोकादायक खाली जातं, डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

चढ टाळता येणारच नसेल, म्हणजे कुणाकडं लग्नकार्य वगैरे, तर ५-१० मिनिटं आधी एक गोळी घ्यायची मुभा डॉक्टरांनी मला दिलीय, तुम्ही आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा. दुखणं कधी, किती चालल्यावर आलं ते कॅलेंडरवर लिहितो. नेहमीपेक्षा कमी चालण्यात दुखायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आणि नुसतं बसल्या जागी दुखलं तर तडक हॉस्पिटल.