संत्र्यांचा हिशोब आणि न्यूट्रॉनचा

नागपूरच्या कळमना बाजारात बाबांचा संत्र्यांचा धंदा. मृग बहाराचा थोडा माल भावासाठी थांबवला की गोदामात सडकी फळं वेचायचं काम माझ्याकडे. रोज किती फेकली ते वहीत लिहायचं, शेवटी उरलेली मोजायची. वजनाने नाही, नगाने. ठेवलेलं फळ वाळतं, वजन घटतं. एका वर्षी मेळच बसेना. बाबा म्हणाले, "सडली ते वहीत हाये. जे वहीत नाही, ते कोणीतरी खाऊन राहिलं." दोन दिवसांनी जुन्या कूलरमागे सालींनी भरलेली पिशवी निघाली. (धाकटा भाऊ. जाऊ द्या.)

बीएस्सीला न्यूट्रॉनचं वाचलं तेव्हा ती पिशवीच आठवली. अणुकेंद्रकाबाहेर एकटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटंही टिकत नाही. त्याचा प्रोटॉन होतो. हे आयुष्य मोजायच्या दोन रीती, अगदी आमच्याच. लॉस अलामॉसमध्ये अतिथंड न्यूट्रॉन चुंबकांच्या टबात ठेवून उरलेले मोजले : २०२१ चा आकडा ८७७.७५ सेकंद. अमेरिकेतच मेरीलँडमध्ये न्यूट्रॉनच्या झोतातून जन्मलेले प्रोटॉन मोजले : २०१३ मध्ये ८८७.७. फरक दहा सेकंदांचा, आणि दोघांच्या मोजणीतली चूक धरूनही तो मिटत नाही.

शंभरात एक! बाबा एवढ्याला "चालते" म्हणतात. इथे चालत नाही, कारण महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत जे न्यूट्रॉन तगले, त्यांचंच बहुतेक हीलियम झालं.

म्हणजे टबातून न्यूट्रॉन जातात जास्त, झोतात प्रोटॉन सापडतात कमी. २०१८ मध्ये फोर्नाल आणि ग्रिन्स्टाइन या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलं की काही न्यूट्रॉन कृष्णद्रव्याच्या, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाच्या, कणांत बदलत असतील. खाऊन राहिलं कोणीतरी! मी खूश. पण साल काही सापडेना : त्यातून निघायला हवे होते ते गॅमा किरण शोधले, दिसले नाहीत. शिवाय तसं असतं तर सूर्याच्या दुप्पट वजनाचे न्यूट्रॉन तारे टिकणं अवघड, आणि असे तारे तर आहेत.

परवा जेवताना बाबांना सगळं सांगितलं. भाकरी मोडत म्हणाले, "मोजणारा बदलून पाहाव ना."

पाहिला. जपानमध्ये झोतातच, पण प्रोटॉनऐवजी त्यांच्यासोबत निघणारे इलेक्ट्रॉन मोजले. आकडा टबाच्या बाजूला आला. मग मेरीलँडवाल्यांचं कुठे चुकलं? ते कोणालाच दाखवता आलेलं नाही.

"मंग वहीत काय लिवलं?"

"दोन्ही."