फुलं नाहीत म्हणून परत पाठवलेले नमुने – माझा अनुभव

जंगलात जमिनीलगत काय काय उगवतं याचा सर्व्हे करायचा म्हटलं की सगळे जळवा, पाऊस, चढ यांचीच भीती घालतात. त्याचं काही वाटलं नाही. प्लॉट आखले, एक बाय एक मीटरच्या चौकटी टाकल्या, ब्राउन-ब्लांके स्केलवर (व्यापलेल्या जागेचा अंदाज आकड्यात लिहायची पद्धत) कुठल्या झाडाने किती जागा व्यापलीय ते लिहिलं, झालं. गाडी अडकली ती नावं शोधताना, हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने जपणाऱ्या संस्थेच्या काउंटरवर.

तिथे नियम काय, तर नमुन्याला फूल नाहीतर फळ पाहिजे. नियम उगाच नाहीये, मान्य, वर्गीकरणाचा मुख्य आधार फूलच. पण दाट सावलीतली कितीतरी झुडपं वर्षानुवर्षं फुलतच नाहीत, आणि खालच्या थरात मोठ्या झाडांची रोपंही भरपूर असतात, वीतभर रोपाला फूल आणायचं कुठून? मी हे समजावून सांगतोय आणि समोरून एकच, "फुलावर आलं की आणा." फॉर्मवर शेरा, नमुना अपूर्ण. ज्यांना पान बघून कुळ सांगता येतं ते तज्ज्ञ आत पलीकडच्या खोलीत बसलेत आणि माझा गठ्ठा काही काउंटर ओलांडत नाही, डोकं फिरतं अशा वेळी. परत गेलो तर खिडकीवर माणूस वेगळा, उत्तर तेच.

शेवटी फॉर्मवर वरच मोठ्या अक्षरात लिहिलं, "प्रजाती नको, फक्त वंश किंवा कुळ सांगावं", सोबत पानाच्या मागच्या बाजूचे फोटो पट्टी ठेवून काढलेले, आणि जवळपास कोणती मोठी झाडं होती त्यांची यादी. गेला गठ्ठा आत! बरीचशी नावं आली आणि मला काय भारी वाटलं सांगू.

जे राहिले त्यांना कोड दिले, केसाळ-1, केसाळ-2 असे. प्लॉटची तुलना करायला नाव लागतंच असं नाही, तेच झाड सगळीकडे त्याच कोडने लिहिलं गेलं पाहिजे एवढंच.

तोडायच्या आधी चीक निघतो का बघा, पान चुरगळून वास घ्या, वाळल्यावर दोन्ही जातं. समोरासमोर पानं आणि दोन देठांच्या मध्ये छोटं उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं इवलंसं पानासारखं) दिसलं तर आधी कॉफीच्या कुळात शोधा. गवतासारखं दिसतंय पण खोड तिकोनी लागतंय तर बहुतेक ते गवत नाही, लव्हाळ्याच्या जातीतलं आहे.

प्लॉट आखतानाची गोष्ट आत्ता आठवली. विरळणी केलेला, म्हणजे मधली काही झाडं तोडून मोकळा केलेला भाग आणि न केलेला भाग, दोन्हीकडे उताराची दिशा आणि ओढ्यापासूनचं अंतर सारखं ठेवा, नाहीतर फरक उताराचा असतो आणि आपण तो विरळणीच्या नावावर लिहून मोकळे. जुन्या वापराचीही चौकशी करा. फ्रान्समध्ये रोमन काळातल्या शेतांवर वाढलेल्या जंगलात खालची झाडं अजूनही वेगळी दिसतात, 2002 साली तसा अभ्यास छापून आलाय.

आणि नुसत्या प्रजाती मोजू नका प्लीज. सागाच्या विरळणी केलेल्या प्लॉटमध्ये माझा आकडा जास्त आला, ऐकणारे खूश, पण वाढलेल्यांत घाणेरी आणि उघड्यावरची तणं जास्त. न छेडलेल्या भागात प्रजाती कमी, पण त्यातल्या काही दुसऱ्या कुठल्याच प्लॉटमध्ये नव्हत्या, आणि हे बेरजेत दिसणार कसं? ब्रे-कर्टिस काढा, म्हणजे दोन प्लॉट एकमेकांपेक्षा किती वेगळे ते सांगणारा आकडा, 1957 पासून वापरात आहे, कोण कोण आहे आणि किती आहे दोन्ही धरतं.

ज्यांची नावं राहिलीत त्या झाडांना जागेवर टॅग बांधून ठेवा आणि फुलांच्या दिवसांत पुन्हा जा. फॉर्मची पोच मात्र हातात पडल्याशिवाय काउंटर सोडू नका, मी एकदा मागितली तर म्हणे अपूर्ण नमुन्याला पोच देत नाहीत.