तिसरा नर नव्हताच!

मागच्या नोंदीत क, ख आणि ग असे तीन नर चितळ लिहिले होते. त्यातला ख खोडा. क आणि ख एकच आहेत, आणि हे कळायला मला मार्च ते नोव्हेंबर लागले.

बेळगावकडच्या नागरगाळीजवळ मामांच्या बांधावर माझा ट्रॅप कॅमेरा आहे, म्हणजे समोर जनावर आलं की आपोआप फोटो काढणारा. मार्चमधला क म्हणजे लांब, कडक शिंगं आणि जाड मान. मी वय लिहिलं सहा. ऑगस्टमधल्या खच्या डोक्यावर नुसत्या मखमली गाठी, मान बारीक. वय लिहिलं तीन. अमेरिकेतले शिकारी पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं वय असंच अंगलटीवरून ठरवतात. पाय लांब दिसले की कोवळा, त्याला सोडायचं. छाती भरून पोट-पाठ ओघळली की पोक्त. पण तिकडं माज बहुतेक नोव्हेंबरच्या सुमारास येतो, नरांच्या माना एकाच वेळी फुगतात, म्हणून तुलना जमते. आपल्या चितळांचं तसं नाही. जुनी शिंगं गळतात, नवी मखमली कातडीत उगवून मग कडक होतात, पण ज्याच्या त्याच्या वेळेला. एकाच कळपात एकाचं शिंग कडक तर दुसऱ्याचं मखमलीत. मी मानेवर भरवसा ठेवला, तिथंच फसलो. शिवाय त्यांना शेवटी दाढांची झीज बघून अंदाज पडताळता येतो. इथं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरीण मारणं गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा. मग पडताळायचं कशावर?

ठिपक्यांवर! प्रत्येक चितळाची नक्षी वेगळी. पण डाव्या कुशीची वेगळी, उजव्या कुशीची वेगळी, आणि इथंच सगळं अडलं. मार्चचे माझे सगळे फोटो डाव्या कुशीचे. पावसाआधी कॅमेरा ओढ्यापलीकडं हलवला, तर खचे सगळे उजव्या. जुळवायचं काय? रात्र रात्र फोटो मोठे करून बघितले. रात्रीच्या इन्फ्रारेडवाल्या फ्रेममध्ये जनावर जरा हललं की ठिपक्यांची नुसती रेघ होते. त्यात बेळगावातून आणलेल्या स्वस्त सेलनी पावसात दोनदा दगा दिला. स्वस्त सेल घेऊ नका.

गेल्या मंगळवारी पहाटे तो बांधावर आला, दचकला आणि जागेवरच वळला. चार फ्रेम, दोन्ही कुशी! डाव्या खांद्यामागं तीन ठिपके जुळून झालेली आडवी रेघ मार्चच्या फोटोशी तंतोतंत जुळली, उजवी बाजू ऑगस्टशी. मामांना दाखवलं तर म्हणाले, “त्योच की रे त्यो, चालण्यावरनं वळखतंय की!” आठ महिने मी त्यांना विचारलंच नव्हतं.

मोठी लेन्स घ्यायची ठरवली होती, ती राहू दे. दुसरा कॅमेरा घेतो, समोरासमोर लावायला, म्हणजे दोन्ही कुशी मिळतील, आणि पांढऱ्या फ्लॅशचा, म्हणजे ठिपक्यांची रेघ व्हायची नाही. लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. पाडसाचे ठिपके मोठेपणीही त्याच जागी राहतात. यंदाच्या पाडसांच्या दोन्ही कुशी आत्ताच टिपल्या, तर तीन वर्षांनी वयाचा अंदाज करावाच लागणार नाही. कळपात आत्ता दोन पाडसं आहेत. रविवारी खांब पुरायला जातोय.