शब्दवही : ‘अस्वेज’चे पान पूर्ण

इंग्रजी क्रियापदांच्या माझ्या वहीत ‘अस्वेज’चे पान या महिन्यात पुरे झाले. दुःख, भीती, मनाची टोचणी किंवा भूक-तहान शमवणे, असा त्याचा अर्थ असून रोजच्या बोलण्यात ते क्वचितच येते.

इ. स. १३०० च्या सुमारास ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि त्याच्या मुळाशी ‘गोड, सुखद’ या अर्थाचे लॅटिन विशेषण ‘सुआव्हिस’ आहे, एवढे कोणत्याही चांगल्या कोशात सापडते. परंतु मूळच्या ‘व्ह’चा ‘ज’ कसा झाला, या प्रश्नापाशी माझे काम बरेच दिवस अडले होते. वाट दाखवली ती ‘अब्रिज’ने, म्हणजे ‘संक्षिप्त करणे’ या अर्थाच्या क्रियापदाने. ‘ब्रेव्हिस’ म्हणजे आखूड. त्यावरून साधलेले लॅटिन क्रियापद लोकांच्या तोंडी झिजत फ्रेंचमध्ये उतरले, तेव्हा त्यातील ‘व्हि’ पुढच्या स्वरात मिसळून ‘ज’ झाला आणि इंग्रजीला ‘अब्रिज’ मिळाले, तर पंडितांनी तेच क्रियापद थेट लॅटिनमधून उचलले, तेव्हा ते ‘अब्रिव्हिएट’ असे जवळजवळ अखंड राहिले. ‘सुआव्हिस’ही पहिल्याच वाटेने आले. असा नियम हाती लागला की होणारा आनंद शब्दवेड्यांना वेगळा सांगायला नको.

‘सुआव्हिस’, इंग्रजी ‘स्वीट’ आणि संस्कृत ‘स्वादु’ हे एकाच मूळ धातूचे शब्द असल्यामुळे आपल्या ताटातला ‘स्वाद’ही ‘अस्वेज’चा दूरचा भाऊबंद ठरतो, ‘गोड’ मात्र गुळाच्या घराण्यातला. आपण तहान भागवतो, राग शांत करतो, जीव निववतो. इथे बेळगावात शेजारच्या कन्नड घरात रडत्या मुलाला ‘समाधान’ करतात. दुखऱ्या मनाला गोडवा देण्याची लॅटिनची कल्पना मला या सर्वांहून निराळी आणि फार सुंदर वाटते.

एक नोंद जुन्या वापराची. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये नोहाच्या वेळच्या महापुराचे पाणी ओसरते, तिथे हेच क्रियापद अकर्मक आले आहे. आज तो वापर मागे पडला आहे.

पुढचे पान ‘पॅलिएट’चे. त्याच्या मुळाशी ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र असल्याने तिथे दुखणे बरे होत नाही, झाकले जाते, आणि आजच्या वैद्यकातही हा शब्द मूळ रोग न हटवता वेदना कमी करण्यासाठीच वापरतात.