तुम्ही विचारलंत म्हणून: खत कुठलं घालते?

लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, हळदीकुंकवाला, सगळीकडे एकच प्रश्न. "काकू, तुमचा मोगरा एवढा फुलतो, खत कुठलं?" मी म्हणते शेणखत, आणि मधूनमधून मूठभर निंबोळी पेंड. मग समोरचीला वाटतं, खरं काय ते मी सांगत नाहीये. अहो, लपवायला काही नाहीच त्यात. मला उलट विचारायचं असतं, तुमची खिडकी कुठल्या दिशेला?

हे मी बिल्डिंगच्या रिपेअरिंगच्या वेळी शिकले. मुंबईत इमारतीला 30 वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारत किती मजबूत आहे याची तपासणी, करावंच लागतं, त्यामुळे काम अटळ होतं, सोसायटीला बोल लावत नाही. परांची चढली, तिच्यावर हिरवी जाळी आली, ग्रिलमधल्या कुंड्या आत घ्या म्हणून नोटीस लागली. मोगरा, कढीपत्ता, मिरच्या, सगळं बेडरूमच्या काचेशी आणून ठेवलं. माती तीच, खत तेच, पाणी घालणारा हातही तोच. दिवाळीपर्यंत जाळी निघेल असं ऐकलं होतं, ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिली. मिरच्या आधी पिवळ्या पडल्या. मोगऱ्याला लांबट, फिक्या फांद्या फुटल्या, सगळ्या काचेकडे वाकलेल्या, पानं विरळ. तो मोगरा आईच्या अंगणातल्या फांदीचा. आई आता नाही.

जो तो म्हणे, खत घाल. एकीने दाणेदार खताची पुडीच आणून दिली. मी घातलं नाही. उजेड नसला की झाड अन्न करत नाही, पाणी उचलत नाही, माती ओली राहते आणि मुळं कुजतात. अशा झाडाला खत म्हणजे तापाच्या माणसाला पुरणपोळी. वरची माती कोरडी दिसायची, पण दुसऱ्या पेरापर्यंत बोट घातलं की आत चिकचिक. कढीपत्ता शेवटी उपटला तेव्हा मुळं काळी पडली होती, बोटात धरली तर साल निसटून हातात येत होती आणि गटारासारखा वास. त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मोगऱ्याची कुंडी भावाच्या गाडीत घालून वसईला बहिणीच्या अंगणात नेली. तिथे त्याला खताचा कणही घातला नाही. नुसत्या उन्हावर महिन्याभरात कोंब आले.

म्हणून आधी खिडकी बघा. मोगरा, जास्वंद, मिरची, टोमॅटो यांना पाच-सहा तास थेट ऊन लागतं. दोन-तीन तास मिळत असेल तर पुदिना, अळू, पानओवा लावा. उत्तरेच्या खिडकीत मुंबईत दुपारचा सूर्य साधारण 15 मे ते जुलैअखेर एवढाच येतो, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त ढगांत जातं. तिथे मनी प्लांटच बरा.

आणि पाऊस लागला म्हणून जूनमध्ये नर्सरीत धावू नका. चार महिन्यांत 2000 मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, उघड्या ग्रिलमधलं नवं रोप त्यात तग धरत नाही. दसरा होऊ द्या. कुंडीला भोक हवंच. खालची बशी दर दोन-तीन दिवसांनी ओता, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतो आणि त्याला आठवडा पुरतो.

पूर्वी मी संक्रांतीला वाण म्हणून रोपं वाटायची, दिशा न विचारता. मुंबईत घर कसंही असो, एक झाड हवंच, असं तेव्हा म्हणायची. आता दिशा विचारते, तर लोक दुखावतात. तळमजल्यावरच्या मुलीची एकुलती एक खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. तिला तुळस हवी होती. नाही जगणार, म्हटलं, मनी प्लांट घे. "मला झाड नकोय काकू, तुळस हवीय," म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिची तुळस माझ्या ग्रिलमध्ये ठेवली, ती रोज वर येऊन पाणी घालते. पण ही काय तिची बाग झाली? पूर्वीची मी असते तर तिला तुळस देऊन मोकळी झाले असते. तुळस महिन्याभरात वाळली असती, पण तेवढा महिना तिच्या घरात तुळस असती. यातलं कुठलं बरं, मला अजून ठरवता येत नाही.