इंग्रजी वादळातला हत्ती

वादळवाऱ्याचे जुने इंग्रजी शब्द जमवण्याचा मला नाद आहे. विजेला 'लेव्हिन', आभाळाला 'वेल्किन' आणि अवचित उठणाऱ्या वाऱ्याच्या झोताला 'फ्लॉ' म्हणत. यातला शेवटचा शब्द शेक्सपिअरने 'हॅम्लेट'मध्ये हिवाळी वाऱ्यासाठी वापरला आहे, पण आजच्या वाचकाला त्यात केवळ दोष दिसतो. 'टेम्पेस्ट' तेवढा अजून तग धरून आहे. त्याचे लॅटिन मूळ काळ आणि ऋतू या अर्थांशी जोडलेले आहे, हे वाचले तेव्हा मला आपला 'अवकाळी' आठवला.

तरीही माझा सर्वांत लाडका शब्द 'एलिफंटा' हा आहे. घारापुरीच्या लेण्यांशी त्याचा संबंध नाही. त्या बेटाला पोर्तुगिजांनी दिलेले नाव तिथल्या दगडी हत्तीवरून पडले, आणि तो हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. मी म्हणतो तो 'एलिफंटा' म्हणजे पावसाळा सरताना होणारे वादळ. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याची नोंद आहे. काही प्रवाशांनी पावसाळ्याच्या आरंभीच्या वादळालाही हेच नाव दिले, हेही तिथे सांगितले आहे.

विल्यम क्रुक यांनी १९०३ च्या आवृत्तीत जोडलेला खुलासा मला फार आवडतो. हस्त नक्षत्राला हिंदीत 'हथिया' म्हणतात. तो शब्द पोर्तुगिजांनी हत्ती या अर्थाने उचलला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे गेला. आता हस्त म्हणजे खरे तर हात, आणि सोंडेचा हात ज्याला आहे तो हस्ती. पण म्हणून परक्यांना हसण्याचे कारण नाही, कारण हातावरून हत्तीवर आपणही केव्हाच जाऊन पोहोचलो आहोत. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्तात गेला की भोंडल्याला पाटावर हत्तीच काढतात, हात नव्हे.

आमच्या अंगणातला भोंडला मला आठवतो तो अर्धवट राहिलेला. फेर धरून दोन गाणी होतात न होतात तोच पूर्वेकडून गडगडत यायचे, मुली खिरापतीच्या डब्याकडे धावायच्या आणि आजी खडूने काढलेला हत्ती पुसू नये म्हणून पाट आडवा धरून ओसरीवर आणायची.