फाउंडेशन कोर्स आणि भरपाईच्या हजेरीचा कागद: माझा अनुभव

शेवटच्या फेरीत इंदूरमध्येच एमबीबीएसला प्रवेश मिळाल्याचा आनंद आमच्या घरी फार टिकला नाही, कारण हजर झाले त्याच दिवशी कळले की फाउंडेशन कोर्स, म्हणजे एमबीबीएसच्या सुरुवातीला नव्या विद्यार्थ्यांसाठी असणारा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, बराचसा उरकला आहे आणि त्यात 75 टक्के हजेरी सक्तीची असून ती पूर्ण झाल्याचे संस्थाप्रमुखांनी प्रमाणित करावे लागते.

हा कोर्स 2019 पासून देशभर सुरू झाला आणि आमची पहिलीच तुकडी. एकूण 175 तासांपैकी 30 परिचयाचे, 35 कौशल्यांचे, 8 आरोग्य केंद्राच्या भेटीचे, 40 नीतिमूल्ये व व्यावसायिक विकासाचे, 40 भाषा व संगणकाचे आणि 22 खेळांचे होते. कौशल्यांचे तास मला मनापासून आवडले. हृदय बंद पडलेल्या रुग्णावर करायच्या उपचाराचा सराव म्हणून पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब देताना पहिल्याच फेरीत दंड भरून आले.

अडले ते भरपाईच्या हजेरीपाशी. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतानाच वर्ग सुरू करायचे, हे वेळापत्रक विद्यार्थ्यांनी ठरवलेले नसते. तरीही बुडालेल्या तासांचा हिशेब त्यांनीच द्यायचा होता. विद्यार्थी शाखेच्या खिडकीवर सांगितले जाई की हे महाविद्यालयाच्याच वैद्यकीय शिक्षण विभागाकडे विचारा. त्या विभागात उत्तर मिळे की आम्ही फक्त वर्ग घेतो, हजेरी शाखेत चढते. समन्वयक तोंडी म्हणाले, "संध्याकाळच्या वर्गांना बसा, धरू हजेरी," म्हणून आम्ही उशिरा आलेली मुले बसलो. पण महिनाअखेरीस शाखेत त्या वर्गांची नोंदच नव्हती आणि परीक्षेचा अर्ज अडेल, एवढेच ठामपणे ऐकवण्यात आले. त्याच सुमारास आम्हाला संवादकौशल्यावर व्याख्यान देण्यात आले, हे येथे नमूद केलेच पाहिजे. तास भरावेत म्हणून मला प्राथमिक हिंदीच्या वर्गातही बसवले गेले; अखिल भारतीय कोट्यातून केरळहून आलेल्या मुलांना तो वर्ग खरोखर हवा होता, पण इंदुरात जन्मून, शाळा शिकून मीही त्यांच्यासोबत "दर्द कहाँ है?" घोकत होते.

वाट सापडली ती बाबांमुळे. सरकारी नोकरीत वर्षे काढलेले बाबा म्हणाले, "तोंडी बोलणे सोड, अर्ज दे आणि आवक क्रमांक घे." बसलेल्या प्रत्येक वर्गाची तारीख, विषय आणि शिकवणाऱ्यांची सही असा तक्ता करून तो अर्जासोबत अधिष्ठातांच्या नावे आवक-जावक शाखेत दिला. सह्या गोळा करणे कंटाळवाणे होते, पण प्राध्यापकांनी कुरकूर केली नाही. त्यानंतर मात्र ज्या खिडकीवर माझे नाव सापडत नव्हते, तिथूनच प्रमाणपत्र न्यायला बोलावणे आले. उशिरा प्रवेश घेणाऱ्यांनी भरपाईचे वेळापत्रक पहिल्याच दिवशी लेखी मागावे, आणि सही वर्ग संपताच, प्राध्यापक दाराबाहेर पडण्यापूर्वी घ्यावी.

कोर्सचा कालावधी पुढे बदलला आहे, त्यामुळे तासांचे वरचे आकडे आपल्या वर्षाच्या परिपत्रकाशी ताडून पाहावेत. आणखी एक राहिले: वैद्यकीय विद्यार्थ्यांनी घ्यायची हिपॅटायटिस बीची लस 0, 1 आणि 6 महिने अशा तीन मात्रांत असते आणि शेवटची मात्रा अभ्यासाच्या धांदलीत हमखास विसरली जाते, म्हणून तिची तारीख कार्डावर आधीच लिहून घ्यावी.